वायुनौकेसाठी बांधलेल्या घरातला समुद्र

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनमध्ये सकाळचे आठ वाजले तरी सूर्य उगवलेला नसतो, आणि दुपारी चार वाजायच्या आत तो मावळूनही गेलेला असतो. अशाच एका सकाळी आम्ही तिघी घरातून निघालो तेव्हा अंगावर लोकरीच्या कपड्यांचे थरावर थर होते आणि पिशवीत मात्र पोहण्याचे कपडे, पंचे आणि रबरी चपला होत्या. वेंगुर्ल्याहून खास हिवाळा बघायला म्हणून आलेल्या माझ्या आईला नातीने ‘आजी, आपण समुद्रावर जाणार आहोत’ एवढेच सांगितले होते. आयुष्यभर समुद्राच्या हाकेच्या अंतरावर राहिलेली आई आगगाडीच्या खिडकीतून पाइनची गोठलेली जंगले पाहत, या मुलुखात समुद्र नेमका कुठून येणार, याचा विचार करत बसली होती.

तिची शंका रास्त होती. आम्ही चाललो होतो ते ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ नावाचे वॉटर पार्क बर्लिनच्या दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर, ब्रांडेनबुर्ग राज्यातल्या क्राउस्निक या लहानशा गावाजवळ आहे, आणि तिथून सर्वांत जवळचा खरा समुद्र म्हणजे उत्तरेचा बाल्टिक, तोही २०० किलोमीटरहून दूर. भूगोलाच्या दृष्टीने याला बेट म्हणणेच चूक आहे, कारण याच्या चारी बाजूंना पाणी नसून पाइनची झाडे आहेत आणि पाणी जे काही आहे ते आत आहे. बर्लिनहून तासाभरात गाडी ज्या स्थानकावर पोहोचवते त्या ‘ब्रांड’ स्थानकाच्या नावाला आता ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ अशी शेपटी जोडलेली आहे. तिथे उतरणारी बहुतेक मंडळी आमच्यासारखीच कोट-टोप्या घालून आणि हवेने फुगवायची खेळणी हातात घेऊन उभी असतात. स्थानकापासून बस जंगलातून काही मिनिटे जाते, झाडे अचानक संपतात आणि मोकळ्या सपाट मैदानात एक रुपेरी, अर्धगोल पाठीचे काहीतरी दिसू लागते, ज्याच्या आकाराचा अंदाज डोळ्यांना लवकर लागत नाही.

आकडे सांगितले तर थोडा लागेल. ही इमारत ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद आणि १०७ मीटर उंच आहे, आणि आत आधाराला एकही खांब नाही. आपले गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर उंच आहे. अशी चार प्रवेशद्वारे एकावर एक रचली तरी वरच्या कळसाला छत लागणार नाही. आतली जमीन ६६,००० चौरस मीटर, म्हणजे आठ-नऊ फुटबॉलची मैदाने मावतील एवढी, आणि आत कोंडलेली हवा पन्नास लाख घनमीटरहून अधिक. पोहायला येणाऱ्या लोकांसाठी इतकी उंच इमारत कोणीही बांधणार नाही, हे उघडच आहे. ती बांधली होती एका वायुनौकेसाठी, म्हणजे हलका वायू भरून हवेत तरंगणाऱ्या अजस्र यानासाठी, आणि ती वायुनौका कधीच तयार झाली नाही. या वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्यांपेक्षा मला ही गोष्टच जास्त आकर्षक वाटते, त्यामुळे आधी तीच सांगते.

हे मैदान मुळात विमानतळाचे आहे. १९३८ च्या सुमारास जर्मन हवाई दलाने तो बांधायला घेतला. युद्धाच्या अगदी शेवटी, एप्रिल १९४५ मध्ये, इथून जवळच असलेल्या हाल्बे गावाच्या परिसरातल्या जंगलात सोव्हिएत फौजांनी जर्मन सैन्याची मोठी तुकडी घेरली आणि त्या आठवड्याभरात हजारो सैनिक आणि नागरिक मारले गेले. हाल्बेच्या जंगलातले युद्ध-दफनभूमीचे मैदान आजही जर्मनीतल्या अशा सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक आहे. युद्धानंतर विमानतळ सोव्हिएत हवाई दलाकडे गेला, त्यांनी पन्नासच्या दशकात त्याचा विस्तार केला, आणि शीतयुद्धाच्या सर्व काळात तो पूर्व जर्मनीच्या सामान्य नागरिकांना बंद राहिला. लढाऊ विमाने दडवण्यासाठी बांधलेले, वर माती टाकून गवत उगवलेले काँक्रीटचे बोगद्यासारखे निवारे बसच्या खिडकीतून अजूनही दिसतात. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९२ मध्ये सोव्हिएत सैन्य निघून गेले आणि लांबच लांब धावपट्ट्या, ओसाड इमारती आणि रोजगार नसलेला आसपासचा प्रदेश एवढे मागे उरले.

अशा ठिकाणी १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘कार्गोलिफ्टर’ ही कंपनी आली. तिचे संस्थापक कार्ल फोन गाब्लेन्झ यांची कल्पना ऐकायला वेडगळ वाटली तरी तिच्यामागे एक खरी अडचण होती. वीजकेंद्राचे टर्बाइन, मोठे ट्रान्सफॉर्मर, कारखान्यातली अजस्र यंत्रे रस्त्याने न्यायची म्हणजे पूल तपासावे लागतात, तारा उचलाव्या लागतात, वळणे रुंद करावी लागतात आणि शेवटी ते ओझे रात्रीच्या वेळी मुंगीच्या पावलांनी हलवावे लागते. हेच ओझे एखाद्या वायुनौकेने कारखान्याच्या अंगणातून उचलून थेट कामाच्या जागी उतरवले तर? त्यासाठी आखलेल्या ‘सीएल १६०’ या नौकेची लांबी २६० मीटर, व्यास ६५ मीटर आणि वहनक्षमता १६० टन असणार होती. १९३७ मध्ये अमेरिकेत जळून खाक झालेल्या प्रसिद्ध ‘हिंडेनबुर्ग’ची लांबी २४५ मीटर होती, म्हणजे ही तिच्याहून लांब आणि घेराने तर कितीतरी मोठी. फरक असा की हिंडेनबुर्गमध्ये पेट घेणारा हायड्रोजन होता आणि हिच्यात न जळणारा हेलियम भरायचा होता. एक घनमीटर हेलियम साधारणपणे एक किलो वजन उचलतो. म्हणून नौकेचे स्वतःचे वजन आणि वर १६० टनांचे ओझे पेलण्यासाठी ५,५०,००० घनमीटर हेलियमची आखणी होती.

या हिशेबात एक गंमत आहे आणि ती पुढच्या गोष्टीला शोभणारी आहे. वायुनौकेने १६० टनांचे यंत्र खाली ठेवले की ती त्या क्षणी तेवढ्या वजनाने हलकी होणार आणि फुग्यासारखी वर झेपावणार. ते टाळायचे तर ओझे उतरवतानाच तेवढ्याच वजनाचे दुसरे काहीतरी नौकेत भरले पाहिजे, आणि त्यासाठी सर्वांत सोयीचे द्रव्य म्हणजे पाणी. म्हणजे ही नौका जाईल तिथे तिच्यासाठी टाकीभर पाण्याची व्यवस्था करावी लागणार होती. या छताखाली पाण्याचा विचार वॉटर पार्कच्या आधीच झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

नौका बांधायची तर आधी तिचे घर बांधायला हवे. २००० साली पूर्ण झालेले हे घर, म्हणजेच आजचा हॉल, सुमारे ७.८ कोटी युरोंना पडला. मधल्या भागात पोलादाच्या पाच अजस्र कमानी आणि त्यांच्यावर ताणलेले कापडी आवरण. दोन्ही टोकांना शिंपल्यासारखी उघडणारी, रुळांवरून सरकून एकमेकींच्या मागे जाणाऱ्या पाकळ्यांची दारे. नौका पूर्ण रुंदीनिशी बाहेर काढता यावी म्हणून दार अख्ख्या इमारतीएवढे ठेवणे भाग होते. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीचे शेअर बाजारात आले आणि सत्तर हजारांच्या आसपास लोकांनी ते घेतले. त्यांत मोठमोठ्या संस्थांपेक्षा सामान्य माणसे अधिक होती, ज्यांना नफ्याइतकेच वायुनौकेचे आकर्षण होते. राज्य सरकारनेही पाठबळ दिले. पण तांत्रिक प्रश्न सुटेनात, खर्च वाढत गेला, आणि जून २००२ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. तोपर्यंत हवेत उडालेली वस्तू म्हणजे ‘जोई’ नावाची प्रयोगापुरती केलेली लहान वायुनौका, आणि ओझे उचलणारा ‘सीएल ७५’ नावाचा एक मोठा फुगा, ज्याचा त्याच उन्हाळ्यातल्या वादळात नाश झाला. सीएल १६० चा एकही भाग या छताखाली जोडला गेला नाही.

आता एवढ्या मोठ्या रिकाम्या हॉलचे करायचे काय, हा प्रश्न दिवाळखोरीचे काम पाहणाऱ्यांपुढे उभा राहिला. पाडायचा तरी खर्च, राखायचा तरी खर्च. उत्तर आले ते मलेशियातून. पूर्वी ‘स्टार क्रूझेस’ या प्रवासी जहाजांच्या कंपनीचा कारभार पाहिलेले उद्योजक कॉलिन औ आणि मलेशियाचा ‘तान्जोंग’ उद्योगसमूह यांनी २००३ मध्ये हा हॉल १.७५ कोटी युरोंना, म्हणजे बांधकामखर्चाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी किमतीत विकत घेतला. उष्ण प्रदेशातल्या माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, हे मला फार स्वाभाविक वाटते. जर्मन लोक दर हिवाळ्यात विमानाने उन्हाच्या शोधात थायलंड-बालीला जातात, हे पाहिलेला माणूसच विचार करू शकतो की ऊन आणि समुद्र इकडे आणला तर? १९ डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत अंधाऱ्या आठवड्यात, वॉटर पार्क सुरू झाले. तारीख योगायोगाने निवडली असेल असे मला वाटत नाही.

छताखाली समुद्र करण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. जपानमधल्या मियाझाकी इथे १९९३ मध्ये ‘ओशन डोम’ नावाचे असेच एक वॉटर पार्क उघडले होते, ३०० मीटर लांब, उघडता येणाऱ्या छताचे, संगमरवराचा चुरा पसरलेल्या किनाऱ्याचे. त्यातली खरी मौज अशी की पॅसिफिक महासागराचा अस्सल किनारा तिथून चालत काही मिनिटांवर होता. ते २००७ मध्ये बंद पडले आणि पुढे पाडण्यात आले. जर्मनांना तर कृत्रिम लाटांची हौस फार जुनी आहे. ड्रेस्डेनमधल्या १९११ च्या आरोग्यविषयक प्रदर्शनात दाखवलेले लाटा उठवणारे यंत्र पुढच्या वर्षी शेजारच्या राडेबॉय्लमधल्या एका तरणतलावात बसवले गेले, आणि ते शंभर वर्षांनंतरही चालते. त्या मानाने अमेरिकेतल्या ऑरलँडो इथे १९७७ मध्ये जॉर्ज मिले यांनी सुरू केलेले ‘वेट अँड वाइल्ड’, ज्याला आधुनिक वॉटर पार्कचा आरंभ मानले जाते, ते कालपरवाचेच म्हणायला हवे. मात्र मियाझाकी काय किंवा इतर काय, ती सगळी बांधकामे पाण्यासाठीच केलेली होती. ब्रांडेनबुर्गमध्ये इमारत आधी होती, आणि ती पाण्यासाठी अत्यंत गैरसोयीची होती.

ही गैरसोय नीट समजून घेण्यासारखी आहे. वायुनौकेला प्रकाश लागत नाही, ऊब लागत नाही. तिला केवळ वारा-पावसापासून आडोसा हवा. माडांना, वाळूत पहुडणाऱ्या माणसांना आणि पावसाळी जंगलातल्या वेलींना मात्र नेमके प्रकाश आणि ऊबच हवी. आतले तापमान बारा महिने २६ अंश सेल्सियसच्या आसपास आणि आर्द्रता ६४ टक्क्यांच्या जवळपास राखली जाते. ही हवा एवढी दमट असते की साधारण १९ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातले बाष्प थेंबांच्या रूपाने जमू लागते. बाहेर उणे पाच अंश असताना पातळ एकेरी छताच्या आतल्या बाजूने अखंड पाऊस पडला असता, म्हणून अशा ठिकाणी आवरण अनेक थरांचे आणि थरांमध्ये हवा कोंडलेली असावी लागते. त्यात गरम हवा स्वभावतःच वर जाते. १०७ मीटर उंचीच्या हॉलमध्ये माणसे वावरतात ती तळाच्या दोन मीटरांत, आणि विकत घेतलेली ऊब जाऊन बसते ती कमानींच्या खाली, जिथे कोणीही नसते. इंधनाच्या बिलाचा विचार करून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या वेंगुर्ल्यात मे महिन्यात हीच हवा फुकट मिळते आणि आम्ही तिला शिव्या देतो.

प्रकाशाचा प्रश्न तर त्याहून कठीण होता. सुरुवातीला छत पूर्णपणे अपारदर्शक कापडाचे होते, त्यामुळे आत कितीही दिवे लावले तरी वातावरण ढगाळ संध्याकाळीसारखे राही. उद्घाटनाच्या पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, दक्षिणेकडच्या बाजूचे सुमारे २०,००० चौरस मीटरचे कापड काढून तिथे ‘ईटीएफई’ या प्लास्टिकच्या पारदर्शक फॉइलच्या हवा भरलेल्या गाद्या बसवण्यात आल्या. म्युनिकच्या फुटबॉल स्टेडियमचे फुगीर बाह्यांग आणि बीजिंगचे ‘वॉटर क्यूब’ याच पदार्थाचे आहे. काचेपेक्षा ते कितीतरी हलके असते, म्हणूनच वायुनौकेसाठी मोजूनमापून बांधलेल्या कमानींना ते पेलले. आणि काच अडवते ते अतिनील किरणही त्यातून आत येतात, त्यामुळे उन्हाळ्यात आत बसलेल्या माणसाची कातडी खरोखर रापते. हिवाळ्याचे काय, हे विचारू नये. ५२ अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम १४-१५ अंश असतो आणि त्याला फॉइलही काही करू शकत नाही. तरीही झाडांच्या आणि माणसांच्या मनःस्थितीसाठी हा बदल निर्णायक ठरला असावा. पहिल्या वर्षी इथे दहा लाखांच्या जवळपास लोक आले, पण मालकांनी धरलेली अपेक्षा त्याहून मोठी होती. पुढची सगळी वाटचाल मला या शेडचे शेडपण टप्प्याटप्प्याने कमी करत नेण्याचीच वाटते.

आत शिरण्याचा क्षण मात्र विसरता येत नाही. कोट आणि बूट लॉकरमध्ये जातात, मनगटावर पट्टा येतो ज्यावर आतला सगळा खर्च नोंदला जातो, आणि दार उघडताच दमट हवेचा पदर तोंडावर येतो. चष्म्यावर तत्काळ धुके. आईने एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, ‘हा आपला वैशाख.’ गेल्या तीन आठवड्यांत बर्लिनच्या कोरड्या थंडीने तिचे ओठ आणि टाचा फुटल्या होत्या. त्यामुळे हे वाक्य तक्रारीच्या नव्हे, तर माहेरचे माणूस भेटल्याच्या सुरात आले.

मुख्य आकर्षण अर्थातच ‘दक्षिण समुद्र’. ४,४०० चौरस मीटरचा हा तलाव ऑलिम्पिक मापाच्या तीन तरणतलावांहून मोठा आहे, पाणी २८ अंशांवर ठेवलेले, आणि एका बाजूला सुमारे २०० मीटर लांबीचा वाळूचा किनारा. पलीकडच्या बाजूला निळ्या आकाशाचे आणि पांढऱ्या ढगांचे प्रचंड चित्र उभारले आहे. लांबून ते भाबडे वाटते, पण पाण्यात मानेपर्यंत उतरून पाहिले की काही क्षण डोळे खरोखर फसतात, कारण पाण्याच्या पातळीवरून हॉलच्या कमानी नजरेच्या वर राहतात आणि समोर फक्त निळेपणा उरतो. आईने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि न बोलता ओतून टाकले. खारटपणा नाही, लाटेचा आवाज नाही आणि मासळीचा वास नाही. तिच्या दृष्टीने हा समुद्र तिथेच नापास झाला होता. पण तलाव म्हणून तो उत्तम आहे, हे तिनेही नंतर मान्य केले. खोली मोठ्या माणसाच्या छातीएवढीच असल्यामुळे ज्यांना पोहता येत नाही अशी माणसेही निर्धास्तपणे मध्यापर्यंत चालत जातात.

‘बाली लगून’ हा १,२०० चौरस मीटरचा दुसरा तलाव लहान पण अधिक उबदार, ३२ अंशांच्या आसपासचा. त्यात कारंजी, वाहते प्रवाह आणि धबधबे आहेत. लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे बहुतेक वेळ इथेच काढतात, आणि आमचाही सर्वाधिक वेळ इथेच गेला. घसरगुंड्यांचा मनोरा २७ मीटर उंच, म्हणजे आपल्या गेटवेच्या माथ्याहून किंचित उंच आहे, आणि त्यातल्या सर्वांत तीव्र उताराच्या घसरगुंडीवर वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो असे सांगतात. मी तिच्या पायऱ्या अर्ध्यापर्यंत चढून, मागच्या मुलांना वाट देऊन, सन्मानाने परत आले. खालची मध्यम घसरगुंडी माझ्या मुलीने किती वेळा केली याची मोजदाद मी पंधरानंतर सोडून दिली. घसरगुंडीबद्दल अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. त्या सगळीकडे सारख्याच असतात.

जंगल मात्र तसे नाही. हॉलच्या मधोमध सुमारे ६०० प्रजातींची ५०,००० झाडे-झुडपे लावलेले पावसाळी जंगल आहे, त्यातून साधारण एक किलोमीटरची वळणावळणाची पायवाट जाते, आणि एका कोपऱ्यात खारफुटीची दलदलही केलेली आहे. डिसेंबर २००४ पासून ही झाडे इथे वाढत आहेत. उद्घाटनाच्या वेळच्या छायाचित्रांत रोपवाटिकेसारखे दिसणारे हे जंगल आता खरोखर दाट झाले आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण जागेत काळाने कमावलेली ही एकच वस्तू आहे. बाकी सारे एका वर्षात बांधता येते. इथे आईची खरी सहल सुरू झाली. केळ, अळूच्या कुळातली मोठ्या पानांची झाडे, फणसासारखी दिसणारी पाने, झाडांवर चढलेले मिरवेलीचे भाईबंद, सगळ्यांच्या पानांना ती हात लावून पाहत होती. वाळूतली उंच झाडे पाहून तिने मघाशीच निकाल दिला होता, ‘ह्यो माड न्हय.’ ताडाच्या कुळातली ती झाडे दिसायला माडासारखी खरी, पण खोडाच्या बुंध्याचा फुगवटा आणि झावळीची ठेवण तिच्या नजरेतून सुटली नाही. तळ्याकाठी रोहित पक्षी एका पायावर उभे होते. ठाण्याच्या खाडीत ते दर हिवाळ्यात हजारोंनी येतात. इथे मात्र हिवाळा दाराबाहेर ठेवून त्यांना आत ठेवले आहे.

जंगलाच्या कडेला थायलंडचे लाकडी घर, बोर्निओतले लांबलचक सामुदायिक घर, भिंती नसलेले सामोआचे घर, बालीचे कोरीव प्रवेशद्वार अशा वेगवेगळ्या प्रदेशांतल्या वास्तूंच्या प्रतिकृती उभ्या आहेत. इथे मात्र मला थोडे खटकले. बोर्निओचे लांब घर हे अनेक कुटुंबांच्या एकत्र जगण्याचे रूप आहे, आणि बालीचे दुभंगलेले प्रवेशद्वार मंदिराच्या पावित्र्याशी जोडलेले आहे. त्यांच्या शेजारी आइस्क्रीमचे दुकान आले की सगळे ‘उष्ण कटिबंध’ नावाच्या एकाच सरमिसळ देशातले वाटू लागते. उद्या कोणी कोकणातले कौलारू घर आणि तुळशीवृंदावन असे मांडले तर मला कसे वाटेल, असा विचार मनात आला, आणि लगेच जाणवले की मुंबईच्या आसपासची आपली रिसॉर्टे हेच करत आली आहेत.

एक आकर्षण मात्र मला फार अर्थपूर्ण वाटले. या हॉलमध्ये दोरीने जमिनीशी बांधलेल्या फुग्यातून पाहुण्यांना वर नेण्याची सोय करण्यात आली. पन्नास मीटरहून अधिक उंचीवर जाऊनही तो छताच्या बराच खाली राहतो आणि तिथून तलाव, जंगल, तंबू सारे नकाशासारखे दिसते. ज्या छताखाली साडेपाच लाख घनमीटर हेलियम भरलेली नौका तरंगायची होती, तिथे शेवटी तरंगला तो पाहुण्यांना वर नेणारा हा फुगा.

तंबूंचा उल्लेख केला तो खराच. या वॉटर पार्कमध्ये हॉलच्या आतच तंबूंमध्ये किंवा खोल्यांमध्ये मुक्काम करता येतो. आम्ही राहिलो नाही, पण संध्याकाळी तंबूंच्या वस्तीतून चालताना जाणवले की या हॉलचा सर्वांत चांगला उपयोग बहुधा हाच असावा: बाहेर बर्फ पडत असताना अनवाणी पायांनी वाळूतून तंबूत जाऊन झोपणे, आणि छत इतके उंच की ते विसरता येते.

२०१६ मध्ये हॉलच्या बाहेर ‘अमॅझोनिया’ नावाचा सुमारे ३५,००० चौरस मीटरचा उघडा भाग जोडला गेला आणि त्यात २५० मीटर लांबीचा खळाळता प्रवाह आहे. म्हणजे बारा वर्षे आत ऊन आणण्याची खटपट केल्यावर शेवटी लोकांना बाहेर नेण्यात आले. गरम पाण्याचा हा प्रवाह हिवाळ्यातही चालतो. पाण्यावरून वाफांचे लोट उठतात, माणसाचे शरीर कोमट पाण्यात असते आणि डोक्यावरची टोपी गारठलेली असते. माझ्या मुलीने या प्रवाहाला सगळ्या समुद्रांपेक्षा वरचा क्रमांक दिला, आणि मीही तिच्याशी सहमत आहे, कारण इथे ब्रांडेनबुर्गचा हिवाळा लपवलेला नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये तान्जोंगने हे सारे स्पेनच्या ‘पार्केस रेउनिदोस’ या मनोरंजन-उद्यानांच्या कंपनीला २२.६ कोटी युरोंना विकण्याचा करार केला. १.७५ कोटींना घेतलेल्या हॉलची ही किंमत पाहून मला कार्गोलिफ्टरच्या त्या सत्तर हजार भागधारकांची आठवण झाली. त्यांच्यापैकी कितीतरी जण आपल्या नातवंडांना घेऊन इथे आले असतील, आणि तिकीट काढून त्या छताखाली बसले असतील ज्याचा एक बारीकसा तुकडा एके काळी त्यांचा होता.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्ट्या टाळाव्यात. बर्लिनहून आगगाडीने जाणे सर्वांत सोपे, स्थानकावरून बस मिळते. वयस्कर माणसांना बरोबर नेणार असाल तर पाण्यात उतरण्याचा आग्रह धरू नये, जंगलातल्या पायवाटेवर आणि किनाऱ्यावरच्या खुर्च्यांवर त्यांचा दिवस मजेत जातो. जाड कोट लॉकरमध्ये मावत नाहीत तेव्हा पातळ कपड्यांचे थर घालून जावे. आणि निघण्याआधी केस पूर्ण वाळवावेत, घाई करू नये. आम्ही घाई केली. बाहेर उणे सहा अंश होते, फलाटावर गाडीची वाट पाहत आम्ही वीस मिनिटे उभ्या होतो, आणि गाडीत बसल्यावर आईने नातीची वेणी हातात घेतली तेव्हा तिचे ओले टोक गोठून सुतळीसारखे कडक झाले होते.